बिनबंदुकीची शिकार

"वैनी, पाय ओढू नका. पाणी येऊ दे."

भावोजी हे सांगत होते तेव्हा पाणी माझ्या पोटाला लागलं होतं. कमरेपर्यंत मी खाजणाच्या चिखलात रुतले होते आणि बांध फुटून पडलेल्या खांडीतून खाडी सरळ आत येत होती. अशा बाईला कोणी पाण्याची वाट बघायला सांगतं का? पण भावोजी माझ्यापासून हातभर अंतरावर, चिखलावर आडव्या टाकलेल्या घडीच्या लाकडी खुर्चीवर पालथे पडले होते. दाढीपासून पायापर्यंत चिखल. आणि पडवीत बसून गप्पा माराव्यात तशा आवाजात म्हणत होते, "घाई नको. चिखल तुमचं ऐकायचा नाय. पाण्याचं ऐकेल."

बांधावर आमचे हे उभे होते. ते ओरडत होते, "पोह, पोह!" मला पोहता येत नाही हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि येत असतं, तरी कमरेपर्यंत गाडलेलं माणूस पोहणार कसं?

मी भावोजींना म्हटलं, "तुम्ही तरी मागे व्हा. दोघांनी कशाला मरायचं?"

ते म्हणाले, "मागे जायला माझे पाय कुठं मोकळे आहेत? तेही आत गेले. आता बसा गप."

हे भावोजी म्हणजे आमचे शेजारी. नात्याने कोणी नव्हेत. त्यांची पडवी आणि आमची पडवी यांच्या मध्ये एक गडगा आणि एक शेवगा. माझे यजमान त्यांना दादा म्हणत, ते मला वैनी म्हणत, म्हणून ते माझे भावोजी. मुंबईला गोदीत त्यांनी नोकरी केली आणि रिटायर होऊन गावी आले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मुंबईहून येतात, महिनाभर बागेत खणतात, मग कंटाळतात आणि दुसऱ्यांच्या बागेतल्या चुका काढत फिरतात. भावोजी तसे नव्हते. त्यांना गावात एकच काम करायचं होतं, आणि ते वर्षातून एकदाच यायचं. दसरा झाला की त्यांचं सुरू व्हायचं, "यंदा बदकांना कधी जायचं?"

बदकांना म्हणजे शिकारीला. बंदूक त्यांच्याकडे नव्हती. कोणाकडेच नव्हती. बदकं मारायला सरकारची बंदी आहे हे त्यांना माहीत होतं आणि ती बरी आहे असं ते म्हणायचे. मग शिकार कसली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बसायची."

हे बसणं काय ते नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा खुळा होता.

आमची वाडी बौद्धांची. माझ्या सासऱ्यांच्या काळात, म्हणजे धर्म घेण्याच्या आधी, खोताकडे थंडीच्या सुरुवातीला पाहुणे यायचे. बंदुका घेऊन. खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, तेव्हा भातशेती होती, आणि कापणी झाली की सांडलेल्या भातावर रानबदकं उतरायची. पाहुणे बांधावर खुर्च्या टाकून बसत, पाव आणि उकडलेली अंडी खात, थर्मासातला चहा पीत, आणि मधूनच बार काढत. पडलेलं बदक आणायला चिखलात जायची आमची माणसं. कुत्र्याने जायचं ते काम. त्याबद्दल आमच्या माणसांना बदकांची डोकी आणि पाय मिळत.

भावोजींचे वडील असेच एकदा पडलेलं बदक आणायला उतरले. वर पाखरं फिरत होती, सगळ्यांचे डोळे वर होते. खाली पाणी भरत आलं ते कोणी बघितलंच नाही. ते रुतले. पाय उपसायला धडपडत राहिले, दमले, आणि राहिले तिथेच. भावोजी तेव्हा रांगत होते. बाप त्यांना आठवतसुद्धा नव्हता. आई सांगायची तेवढंच.

तेव्हा गोदीतून सुटून आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली घडीची खुर्ची पडवीत उघडली आणि सगळ्या वाडीला सांगितलं, "आता आपण जायचं. आपल्यासाठी. बांधावर बसायचं, अंडी खायची, चहा प्यायचा, बदकं बघायची. कोणी कोणासाठी पाण्यात उतरायचं नाय."

पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी लोक गेले.

खरी मजा जाण्यात नव्हती, ठरवण्यात होती. संध्याकाळी आम्ही त्यांच्या पडवीत जमायचो. भावोजी मधे बसायचे, शेजारी पाण्याचा तांब्या. तांब्यात बोट बुडवून ते लादीवर खाडी काढायचे. ही खाडी, हा बांध, ही खांड, ही आतली चर, इथं बदकं, इथं आपण. बोलता बोलता खाडी वाळून जायची. मग परत बोट तांब्यात. एकदा त्यांच्या नातवंडांपैकी कोणीतरी रांगत येऊन खांडीवरच बसलं, तर भावोजी गंभीरपणे म्हणाले, "खांड बुजली. यंदा बरं झालं."

त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊच म्हणा, आतून ओरडायची, "ओ, लादी आताच पुसलीय मी! ती खाडी अंगणात न्या!"

"अंगणात काढली तर मातीत मुरेल गो."

"मुरू दे. तुमच्या डोक्यात मुरलीय तेवढी पुरे."

सगळ्यांना आपापलं काम मिळायचं. अंडी कोणी उकडायची, पाव कोणी आणायचा, थर्मास कोणाचा घ्यायचा. खुर्चीत बसायची पाळी कोणाची कोणानंतर, हेही ठरायचं. खुर्ची एकच होती. प्रत्येकाने तिच्यात थोडा वेळ बसून, हातात चहा घेऊन बदकं बघायची. माझी पाळी आली तेव्हा मला त्यात काय मोठंसं, असं वाटलं होतं. बसले. समोर सकाळचं पाणी, त्यात शेकड्यांनी पाखरं, शिट्ट्या मारल्यासारखी ओरडणारी. कोणी काही आणायला सांगत नव्हतं. चहा दुसऱ्याने ओतून दिलेला. मी उठले तेव्हा मला कळलं की हा माणूस खुळा नाही.

एक काम मात्र कोणाला नको असायचं. सगळे आत, खाजणाकडे तोंड करून बसणार, आणि एकाने बांधावरच उलटं बसायचं. पाखरांकडे पाठ, खाडीकडे तोंड. त्याने बोलायचं नाही, अंडं खायचं नाही, मागे वळायचं नाही. फक्त पाणी बघायचं. ओहोटी संपून पाणी फिरलं की चमच्याने थाळी वाजवायची, आणि थाळी वाजली की खाली गेलेल्या सगळ्यांनी वर यायचं. आम्ही बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला खाजणात उतरायचो. इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत कोण जातंय?

भावोजी दर वर्षी विचारायचे, "उलटं कोण बसणार?"

कोणी छताकडे बघायचं, कोणी नखाकडे.

"बरं. मी बसतो."

असं दर वर्षी. म्हणजे बघा, ज्याने सगळं ठरवलं, त्यानेच बदकं कधी धड बघितली नाहीत. आम्ही मागून सांगायचो, "दादा, आली हो आली, केवढी आली!" आणि ते पाण्याकडे बघत म्हणायचे, "असू दे. बघा तुम्ही."

ते एक नायलॉनचा जाड दोरही बरोबर घ्यायचे. त्यावरून चेष्टा व्हायची. "दादा, दोर कशाला? बदकं बांधून आणायची?" ते म्हणायचे, "तुझ्यासारखं एखादं सापडलं तर." पण दोर घ्यायचेच. आणि चिखलाचं त्यांना वेडच होतं. जयगडला लग्नाला गेले तर नवरानवरी सोडून कोळ्यांत जाऊन बसले. रुतलेला माणूस कसा सोडवतात ते विचारत. बुरोंडीला त्यांची मुलगी दिली आहे, तिथे व्याह्यांना विचारलं. केळशीला कोणाच्या मयतीला गेले तिथेही. जाऊबाई कपाळाला हात लावायची, "मयतीत कोणी असलं विचारतं का?" ते म्हणाले, "तिथं म्हातारी माणसं एका जागी भेटतात."

परत आलो की वाटेवरच्या वाडीतले लोक टोमणा मारायचे, "काय शिकारी, किती मारली?"

भावोजी म्हणायचे, "गेलो तेवढे आलो."

लोकांना वाटायचं म्हातारा प्रश्न चुकवतो. तो चुकवत नव्हता. मोजून सांगत होता.

एकदा तर वनखात्याचा माणूस आला. कोणीतरी कळवलं होतं की या वाडीत दहा दिवस बदकांच्या शिकारीची बैठक चालली आहे. तो आला तेव्हा लादीवर खाडी ओलीच होती. त्याने विचारलं, "हत्यारं कुठं आहेत?" भावोजींनी थर्मास पुढे केला. मग खुर्ची. मग दोर. त्या माणसाने सगळं बघितलं आणि म्हणाला, "आणि बदकं?" भावोजी म्हणाले, "ती तिकडं आहेत. तुम्हीपण चला." तो खरंच आला. त्याला खुर्ची दिली, अंडं दिलं. त्याने आम्हाला कुठलं पाखरू कुठून येतं ते सांगितलं. आम्ही त्याला तिसऱ्या दिल्या. उलटं बसायला तोही तयार झाला नाही.

आता त्या वर्षाचं सांगते.

जायचा दिवस भावोजी पंचांग बघून ठरवायचे. आम्ही पंचांग मानत नाही. पण खाडी मानते. तिथीवरून भरती-ओहोटी कळते, म्हणून त्यांच्या भिंतीवर एक कॅलेंडर असायचं, बाबासाहेबांच्या फोटोपासून अदबीने लांब, दाराआड. ते दिवस धरायचे अष्टमी-नवमीच्या आसपासचे, भांगाचे. भांगात पाणी आळशी असतं. हळू येतं, थोडं येतं. उधाणाला, म्हणजे अवस-पुनवेच्या मागेपुढे, ते धावत येतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला मुंबईची पोरं बरीच आली होती. आमचा मुलगा, सून, आणखी दोन-चार घरची. त्यांनी इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं, त्यांनाही बदकांना यायचं होतं. पण भांग येईपर्यंत कोणाची रजा नव्हती. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी जाऊ, असं त्यांचं ठरलं. म्हणजे अवस होऊन तीनच दिवस. ऐन उधाण.

भावोजी म्हणाले, "नको."

आमचा मुलगा म्हणाला, "काका, रजा नाही ओ वाढत. कंपनी देत नाही."

"कंपनीची रजा पाण्याला काय सांगतोस?"

पण मग घराघरातून सुरू झालं. पोरं लांबून आलीत. एवढं काय होतंय? लवकर जाऊ, लवकर येऊ. आमचे हे सगळ्यात पुढे. भावोजींनी दोन संध्याकाळी नाही म्हटलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी तांब्यात बोट बुडवलं आणि खाडी काढली.

बैठक उठताना मी म्हटलं, "यंदा खुर्चीत भावोजी बसतील. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

ते म्हणाले, "आणि उलटं?"

मी आमच्या ह्यांच्याकडे बोट केलं. "रजेची वकिली ज्यांनी केली ते बसतील."

सगळे हसले. ह्यांना मान डोलवावीच लागली.

गेलो. अंधार सुटत होता तेव्हा बांधावर पोचलो. ओहोटी चालू होती, खाजणात जागोजागी डबकी उरलेली, आणि त्यांत बदकं. आमची सून, जी आल्यापासून मोबाईलला रेंज नाही म्हणून कुरकुरत होती, ती तो खिशात घालून उभी राहिली. पाव झाला, अंडी झाली. भावोजींना आम्ही खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला. ते अवघडून बसले, नव्या जावयासारखे. आमचे हे उलटे बसले, थाळी मांडीवर.

ऊन वर आलं तशा आम्ही बायका तिसऱ्या काढायला उतरलो. मी खांडीच्या अंगाला, चरीच्या कडेला होते. तिथे तिसऱ्या मोठ्या मिळतात. त्या वर्षी पावसात चरीचं पात्र सरकलं होतं, वरून कळत नव्हतं. एक पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी झालं.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी ती पाखरं आली.

ती बदकं नव्हती. बदकांच्या दुप्पट मोठी, राखी रंगाची, लांब मानेची, पांढऱ्या डोक्यावर काळे पट्टे. हंसांतली ती एक जात आहे, असं पुढे कळलं. आमच्याकडे ती येत नाहीत. म्हातारी माणसं सांगायची की खोताच्या वेळी एकदा आली होती. ती वरून घिरट्या घेत खाजणाच्या लांबच्या टोकाला उतरू लागली. बांधावरचा एकेक माणूस उठून उभा राहिला. खाली उतरलेल्या बायका बघण्यासाठी बांधावर चढल्या.

मी ओरडले, "अगो, मी रुतलंय!"

बांधावरून उत्तर आलं, "शू!"

मी परत ओरडले. परत "शू! उडतील ना!" माझ्या सख्ख्या मुलाचा आवाज होता तो.

आणि आमचे हे. थाळी मांडीवर ठेवून, मान पूर्ण मागे वळवून हंस बघत होते. मला त्यांचं तोंड दिसत होतं. म्हणजे खाडीकडे कोणी बघत नव्हतं, हे मला चिखलात उभ्या उभ्या समजलं. खांडीतून पाण्याची पहिली जीभ आत आली. गार. मग तिच्यामागे आणखी.

तेवढ्यात थाळी वाजली. वाजली म्हणजे काय, कडाडली. हंस उडाले. बांधावर सगळे वळले, दोघं-तिघं तर चिडून वळले. थाळी भावोजींच्या हातात होती. त्यांनी ती ह्यांच्या मांडीवरून खेचून घेतली होती.

नंतर मला जाऊबाईने सांगितलं. खुर्ची त्यांनी कधीच फिरवली होती. आम्ही उतरल्यावर लगेच. "मला तसं बसवत नाय," एवढंच म्हणाले, आणि खुर्ची उचलून खाडीकडे तोंड करून बसले. हंस आले तेव्हा जाऊबाई त्यांना म्हणाली, "अहो, बघा तरी!" ते म्हणाले, "तू बघ. मी बघतोय ते बघू दे." पाणी फिरलं, खांडीत शिरलं, आणि ते उठले. मग वळून त्यांनी पाखरं नाही बघितली, माणसं मोजली. एक कमी.

ते बांधावरून उतरले ते धावत नाही. दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं आमच्या मुलाच्या हातात दिलं आणि त्याला दटावलं, "मी सांगीन तेव्हा ओढायचं. आधी ओढलंस तर तुझ्या आईचे पाय तिथंच राहतील." खुर्ची घडी करून बगलेत मारली. चिखलाजवळ आले, खुर्ची आडवी टाकली आणि तिच्यावर पोटावर झोपले. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून कुबट तेल चोळणारा. सरपटत माझ्यापर्यंत आले तोवर त्यांचे स्वतःचे पाय मागे चिखलात गेले होते.

कमरेचं टोक सोडून दोर त्यांनी माझ्या काखेतून घातला. गाठ मारली. मग ते वाक्य म्हणाले, जे मी सुरुवातीला सांगितलं.

पाणी छातीला आलं. मी म्हटलं, "तुमचं सगळं पाठ आहे ना नक्की?"

"केळशीच्या म्हाताऱ्याने सांगितलंय."

"तो स्वतः रुतला होता का?"

"नाय. त्याची म्हैस."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला हसू आलं. हसताना अंग जरा सैल पडलं असावं. ते म्हणाले, "आता टाच फिरवा. ओढायची नाय, नुसती फिरवा. रवी फिरवतात तशी." मी फिरवली. पायाच्या बाजूने पाणी आत शिरलं, हे मला कळलं. चिखलाने धरलेली मूठ सैल होते तसं वाटलं. "आता दुसरी." पाणी गळ्याला आलं. त्यांनी माझी हनुवटी तळहातावर धरली, वर. परक्या बाईच्या अंगाला त्यांनी आयुष्यात तेवढाच हात लावला असेल. एक पाय सुटला. मग दुसरा. मग त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला, "ओढ!"

मुलाने ओढलं, ह्यांनी ओढलं, सुनेने ओढलं. मी बांधाला लागले एखादा ओंडका लागतो तशी. वर गेले आणि मागे वळून बघते तर भावोजी तिथेच. पाणी त्यांच्या खांद्यावर. खुर्ची खाली गेलेली. दोर माझ्या काखेत होता. तो सोडवायला गाठ कोणाला सुटेना. माझे दात वाजत होते, तरी मी दातांनीच ती सोडवली. दोर फेकला. पहिल्यांदा चुकला. जाऊबाई बांधावर बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "परत टाका." परत टाकला. त्यांनी धरला, हाताला वेढे घेतले आणि वर बघून म्हणाले, "थांबा. माझीपण टाच फिरायची आहे."

सगळी वाडी पाण्याच्या कडेला उभी राहून एका माणसाची टाच फिरायची वाट बघत होती. एवढी शांतता हंसांसाठीसुद्धा नव्हती.

मग त्यांनी मान हलवली आणि आम्ही ओढलं.

घरी येताना वाटेवरच्या वाडीतल्या लोकांनी नेहमीसारखं विचारलं. त्या दिवशी भावोजींना बोलता येत नव्हतं, खोकला थांबत नव्हता. आमच्या ह्यांनी उत्तर दिलं, "आलो सगळे." आणि रस्त्यातच खाली बसले. आठवडाभर ह्यांनी माझ्याशी नजर मिळवली नाही. मी म्हटलं, "आता पुरे. मान वळली, वळली. हंस काय रोज येतात?"

आभार मानायला मी भावोजींकडे गेले. मला ते नीट जमत नाही. मी ताटभर भाकऱ्या आणि बांगड्याचं सुकं नेलं, पडवीत ठेवलं आणि उभी राहिले. ते पांघरूण घेऊन बसले होते. म्हणाले, "वैनी, तिसऱ्या राहिल्या ना ओ तिथंच?"

"राहिल्या."

"मोठ्या होत्या?"

"होत्या."

"वाईट झालं," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पुढच्या वर्षी लोक म्हणाले, आता नको. भावोजी म्हणाले, जायचं. भांगात जायचं, आणि उलटं मीच बसणार, त्यात बोलायचं नाही. गेलो. खुर्ची नव्हती, प्लास्टिकचं स्टूल नेलं. मी खाजणात उतरले. का नाही उतरणार? बांधावर पाखरांकडे पाठ करून तो माणूस बसला होता. त्याच्या पाठीकडे बघून मी पाय टाकत होते. माझ्या आईबापांनंतर मी कोणाच्या भरवशावर इतकी बिनघोर राहिले नाही.

त्यानंतरही आम्ही बरीच वर्षं गेलो. मग खाजणाचा बांध नव्याने बांधला, खांड बुजली, आत कोळंबीची तळी झाली. बदकं आता पलीकडच्या काठाला उतरतात. तिकडे जायला होडी लागते.

मी त्या दिवसानंतर बरंच जगले. सुनेचं बाळंतपण केलं. नातीला शाळेत सोडलं, आणलं, मारलं, जेवू घातलं. मोतीबिंदू काढला. गावातल्या निम्म्या लोकांशी भांडले. हे सगळे दिवस त्या माणसाने मला दिले, आणि त्याबद्दल एक शब्दही कधी काढला नाही. त्यांनी हंस बघितले नाहीत. आम्ही सगळ्यांनी बघितले. मला हे अजून बरं वाटत नाही, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "कसे होते?" मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

भावोजी घरात गेले, अंथरुणावर, दिवसाउजेडी, लेक उशाला असताना. आमचे हे त्यांच्या आधी गेले, जाऊबाई मागाहून. त्या सकाळी खाजणाच्या चिखलात दोन माणसं अडकली होती. दोघंही वर आली. त्यांतली एक मी. मी अजून आहे.